१ जुलै १८६५ : पैशाची मुदत आणि धंद्याची मुदत



‘पैसे कुठे गुंतवावेत?’ आणि ‘स्वतःचा धंदा सुरू करावा का?’ हे दोन प्रश्न हल्ली मला फार विचारले जातात. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला हे विचारावं, याची मला गंमत वाटते. कोणता शेअर घ्या हे मी सांगणार नाही. मला ते कळत नाही, आणि आपल्याला ते कळतं असं जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्यापासून तुम्हीही चार हात लांब राहा. (हशा)

पण या दोन प्रश्नांच्या मुळाशी एक तिसरा प्रश्न आहे आणि तो मात्र आमच्या प्रांतातला आहे. तो प्रश्न काळाचा. तुम्ही जो पैसा लावणार आहात, तो किती दिवस थांबू शकतो? आणि ज्या कामात लावणार आहात, ते काम किती दिवस मागतं? पैशाला एक मुदत असते, धंद्यालाही एक मुदत असते. या दोन मुदती जुळल्या नाहीत तर हुशारी, मेहनत, ओळखी, कशाचाही फारसा उपयोग होत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे. पण नुसतं विधान केलं तर ते सुविचारासारखं भिंतीवर जाऊन बसेल. म्हणून आपण इतिहासात जाऊ, आणि तोही आपल्याच मुंबईच्या.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. एप्रिल १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. उत्तरेकडच्या सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्या तोवर मुख्यतः दक्षिण अमेरिकी संस्थानांच्या कापसावर चालत होत्या. तो कापूस येईनासा झाला. मग कापूस आणायचा कुठून? हिंदुस्थानातून. आणि हिंदुस्थानचा कापूस बाहेर पडायचा तो प्रामुख्याने मुंबई बंदरातून. गुजरात, खानदेश, वऱ्हाड, धारवाड, जिथून मिळेल तिथून कापूस मुंबईला येऊ लागला. भाव कित्येक पटींनी चढले. लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यातला कापूस विकला, असंही सांगतात. चार वर्षांत मुंबईत सोन्या-चांदीचा अक्षरशः पूर आला.

आता बघा, इथपर्यंत सगळं खरं आहे. कापूस खरा, मागणी खरी, पैसाही खरा. तेजी कधी निव्वळ खोट्यावर उभी राहत नाही. तिच्या पायात नेहमी काहीतरी खरं असतं. म्हणून तर शहाणीसुरती माणसं तिच्यात सापडतात.

प्रश्न पुढचा होता. एवढा पैसा ठेवायचा कुठे? गावाकडे जमीन घ्यायची, सोनं घ्यायचं, पेढीवर ठेवायचा, हे जुने मार्ग अपुरे पडू लागले. नव्या कंपन्या निघू लागल्या. १८६५ च्या जानेवारीपर्यंत मुंबईत ३१ बँका, १६ ‘फायनान्शियल असोसिएशन’ आणि जमिनीच्या ८ कंपन्या झाल्या होत्या. विमा कंपन्या, जहाज कंपन्या, कापूस दाबण्याच्या प्रेस कंपन्या वेगळ्याच. ‘फायनान्शियल असोसिएशन’ म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. तर दुसऱ्या कंपन्यांच्या शेअर्सवर पैसे देणारी कंपनी. म्हणजे कंपन्यांच्या खांद्यावर चढलेली कंपनी.

या सगळ्यात मुकुटमणी होती बॅक बे रिक्लमेशन कंपनी. समुद्र हटवून जमीन तयार करायची, असा तिचा बेत. हा बेत वेडेपणाचा होता का? मुळीच नाही. मुंबईला जमीन हवीच होती. शहर तुंबलं होतं, रेल्वेला जागा हवी होती, किल्ल्याची तटबंदी त्याच सुमारास पाडली जात होती. पुढे बॅक बेवर भर पडलीच. मरीन ड्राइव्हवर आपण आज फिरतो ती जमीन समुद्रातूनच काढलेली आहे. पण ती काढायला विसाव्या शतकातली दशकं लागली. कल्पना बरोबर होती. ती पुरी व्हायला दोन पिढ्या हव्या होत्या, आणि तिच्यात आलेल्या पैशाला चार महिन्यांचीही कळ नव्हती. पाच हजार रुपयांचा शेअर बाजारात पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्र मात्र होता तिथेच होता.

या बाजाराचा राजा होता प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१, मूळ सुरतेचा, कापसाचा आणि शेअर्सचा दलाल. इंग्रजी येणारा, विलक्षण स्मरणशक्तीचा, वागायला साधा. त्याला खलनायक करणं सोपं आहे, पण मी ते करणार नाही. त्याने जे केलं ते सगळं शहर करत होतं. तो ते अधिक चांगलं करत होता, एवढंच.

खरी कळ होती बँकेत. १८४० मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ बॉम्बे ही निमसरकारी बँक होती. तिच्यात सरकारचे शेअर होते, सरकारने नेमलेले संचालक होते. आधी तिच्यावर कर्ज देण्याबाबत कडक बंधनं होती. १८६३ च्या कायद्याने ती सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअर्सच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. समजा माझ्याकडे पाच हजारांचा शेअर आहे. बाजारात त्याचा भाव वीस हजार झाला. मी तो बँकेत ठेवतो आणि पंधरा हजार उचलतो. त्या पंधरा हजारांचे मी आणखी शेअर घेतो. माझ्यासारखे शंभर जण तेच करतात. त्यामुळे भाव चढतो. भाव चढला म्हणून तारणाची किंमत वाढते. तारणाची किंमत वाढली म्हणून बँक आणखी कर्ज देते. या चक्रात कुठेही एक गज कापड विणलं गेलेलं नाही की एक हात जमीन समुद्रातून वर आलेली नाही. भाव हेच भावाचं कारण झालेलं आहे. आमच्या तर्कशास्त्रात याला चक्रक दोष म्हणतात. विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत तो केला तर आम्ही गुण कापतो. बाजारात केला तर काही दिवस बक्षीस मिळतं, हा फरक. (हशा)

याच्यावर कळस चढला तो मुदतीच्या सौद्यांचा. आज पैसे द्यायचे नाहीत, शेअर हातात घ्यायचे नाहीत. फक्त ठरवायचं की १ जुलै १८६५ ला अमुक शेअर तमुक भावाने मी घेईन. उदाहरणच करू. फेब्रुवारीत मी दहा शेअर प्रत्येकी चाळीस हजारांनी घ्यायचं कबूल केलं. म्हणजे चार लाखांचा सौदा, आणि खिशातून आज एक आणाही गेला नाही. जुलैपर्यंत भाव पंचेचाळीस झाला तर मला पन्नास हजार फुकटात. भाव दहावर आला तर मी तीन लाखांचा देणेकरी. आणि माझ्यासमोरचा गृहस्थ? त्याने माझ्याकडून येणाऱ्या पैशाच्या भरवशावर तिसऱ्याशी सौदा केलेला. तिसऱ्याने चौथ्याशी. सगळं शहर एकमेकांचं ऋणको आणि धनको झालं होतं आणि सगळ्यांची तारीख एकच होती.

इथे मला आमच्या शास्त्राच्या मूळपुरुषाची आठवण होते. थेलीस. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची सुरुवात त्याच्यापासून धरतात. त्याची एक गोष्ट ॲरिस्टॉटलने सांगितली आहे. लोक थेलीसला हिणवत, की तुझ्या ज्ञानाचा उपयोग काय, तू तर दरिद्री. थेलीसने ताऱ्यांवरून अंदाज बांधला की पुढच्या हंगामात ऑलिव्हचं पीक भरपूर येणार. हिवाळ्यातच त्याने मिलेटस आणि कीऑस इथले तेलाचे घाणे थोडी थोडी आगाऊ रक्कम देऊन बांधून घेतले. तेव्हा त्यांना कोणी विचारत नव्हतं, म्हणून ते स्वस्तात मिळाले. हंगाम आला, घाण्यांची एकदम गरज पडली आणि थेलीसने ते आपल्या दराने भाड्याने दिले.

अर्थशास्त्राचे लोक याला जगातला एक पहिला ‘ऑप्शन’ म्हणतात. म्हणोत. मला त्यातल्या तीन साध्या गोष्टी दिसतात. पैसा त्याचा स्वतःचा होता. अंदाज चुकला असता तर फक्त आगाऊ रक्कम गेली असती, घर गेलं नसतं. आणि त्याने धरलेली मुदत ही ऑलिव्ह पिकण्याची मुदत होती. झाडाने ठरवलेली, माणसांनी नव्हे. मुंबईतल्या सौद्यात या तिन्ही गोष्टी उलट होत्या. पैसा उसना, तोट्याला तळ नाही, आणि १ जुलैचा समुद्राशी, जमिनीशी, कापसाशी काहीही संबंध नाही. ती नुसती पंचांगातली तारीख.

९ एप्रिल १८६५ ला अमेरिकेत जनरल ली शरण आला. अटलांटिकखालून टिकणारी तार अजून पडायची होती. ती पुढच्या वर्षी पडली. त्यामुळे बातमी आधी जहाजाने युरोपात आणि मग तिथून इकडे आली. युद्ध संपलं म्हणजे अमेरिकेचा कापूस येणार, आपला भाव पडणार. कापूस पडला. कापसामागून शेअर पडले. प्रत्येकाने आपापलं देणं मोजायला सुरुवात केली आणि मोजता मोजता १ जुलै उजाडला. त्या दिवशी मुंबईत जो तो दुसऱ्याकडे पैसे मागत होता आणि द्यायला कोणाकडेच नव्हते. बॅक बेचा पन्नास हजारांचा शेअर पुढे दोन हजारांच्याही खाली गेला. बँक ऑफ बॉम्बेने भांडवलाचा बहुतेक भाग गमावला आणि १८६८ मध्ये ती बंद करावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याच नावाची नवी बँक निघाली. तिचाच वंश पुढे इंपीरियल बँकेतून आजच्या स्टेट बँकेपर्यंत आला आहे.

ज्यांना हा काळ जवळून समजून घ्यायचा आहे त्यांनी दिनशा वाच्छांचं लेखन वाचावं. काँग्रेसचे पुढे अध्यक्ष झालेले वाच्छा तेव्हा विशीतले तरुण होते. उतारवयात, १९१० मध्ये, त्यांनी मुंबईच्या या आर्थिक पर्वावर पुस्तक लिहिलं. बुडाले ते फक्त शेठ-सावकार नव्हेत. कारकून होते, अधिकारी होते, बचत पहिल्यांदाच घराबाहेर काढलेली साधी माणसं होती. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. या घटीला सगळंच श्रेय शेअर बाजाराला देता येणार नाही, तेजीच्या ओढीने आलेले मजूर परतणारच होते. पण आकडा बोलका आहे. शहरच्या शहर ओसरलं.

प्रेमचंदही बुडाला. मात्र त्याची एक गोष्ट उरली. तेजीच्या भरात, १८६४ मध्ये, त्याने मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले होते. मनोऱ्याला आईचं नाव दिलं. तोच राजाबाई टॉवर. बांधून पुरा झाला १८७८ मध्ये, म्हणजे तेजी मरून तेरा वर्षं झाल्यावर. जो पैसा सौद्यातून काढून दगडात घातला, तेवढा टिकला. उपहास म्हणून सांगत नाही. प्रेमचंद पुन्हा उभा राहिला, १९०६ पर्यंत जगला, आणि देण्याची वृत्ती त्याने सोडली नाही.

आता याच पडझडीतून बाहेर आलेला दुसरा माणूस बघू. १८६५ मध्ये पंचविशी नुकतीच ओलांडलेला एक पारशी तरुण लंडनमध्ये होता. तिथे एक हिंदी बँक काढायची, असं मुंबईकरांनी ठरवलं होतं आणि त्या कामी तो गेला होता. मुंबई कोसळली आणि त्याच्या हातातले कागद कवडीमोल झाले. त्याने काय केलं? लंडनच्या धनकोंसमोर जाऊन खरी परिस्थिती मांडली. त्यांचा त्याच्यावर इतका विश्वास बसला की त्याच्याच पेढीची देणीघेणी मिटवण्याचं काम त्यांनी महिना वीस पौंड पगारावर त्यालाच दिलं. या तरुणाचं नाव जमशेटजी टाटा.

मुदत म्हणजे काय, हे त्या तरुणाला आयुष्याच्या सुरुवातीलाच चांगलं समजलं असावं, असं मला वाटतं. हे माझं अनुमान आहे, पुरावा नाही. पण पुढची पावलं बघा. १८६८ मध्ये २१,००० रुपयांवर स्वतःची पेढी. त्याच वर्षी ॲबिसिनियाच्या मोहिमेसाठी फौजेला माल पुरवण्याच्या कंत्राटात कुटुंबाला चांगला पैसा मिळाला. हेही सांगायला हवं, उगाच सोवळेपणा नको. त्या भांडवलात युद्धाचाही वाटा होता. मग चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोनेक वर्षांत नफ्याने विकली. इथपर्यंत तो चांगला व्यापारी. यापुढे तो कारखानदार होतो.

१८७४ मध्ये त्याने नवी कंपनी काढली आणि गिरणीसाठी जागा निवडली नागपूर. मुंबईच्या लोकांना हे तऱ्हेवाईक वाटलं. सगळ्या गिरण्या मुंबईत असताना नागपूर कशाला? कारण वऱ्हाड-नागपूरचा कापूस दाराशी, रेल्वे आलेली, आणि कापडाचं गिऱ्हाईकही तिथेच. नागपुरातल्या एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस खड्ड्यात माती भरायला सोनं ओततोय, असं त्याला वाटलं. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणतात, की याने माती घातली आणि सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला ‘एम्प्रेस मिल’ सुरू झाली. सुरुवातीची यंत्रं हलक्या प्रतीची ठरली, ती बदलावी लागली. रिंग चात्यांचे प्रयोग झाले. कामगार टिकत नव्हते म्हणून १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला. यातली एकही गोष्ट सहा महिन्यांत फळ देणारी नाही. पैसा थांबला, म्हणून गिरणीला शिकता आलं. धंद्याला शिकायला वेळ लागतो, मंडळी. तो वेळ विकत घेणं, यालाच मी भांडवल म्हणतो.

‘पण त्यांच्याकडे भांडवल होतं, आमच्याकडे नाही,’ ही तुमची शंका रास्त आहे. म्हणून आता बेळगावला चला. लक्ष्मणराव किर्लोस्कर, जन्म १८६९. मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, रंगांची दृष्टी अधू निघाली म्हणून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. बढतीत डावललं गेलं तेव्हा नोकरी सोडून बेळगावला परतले. तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान. सायकल विकायची, दुरुस्त करायची, लोकांना चालवायला शिकवायची. मग कडबा कापायचं यंत्र. मग लोखंडी नांगर.

नांगर कोणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले काही नांगर खपायला दोनेक वर्षं गेली. आता विचार करा, हे दिवस कशावर काढले असतील? सायकलीच्या दुकानावर आणि कडब्याच्या यंत्रावर. इथे मुदतींचं गणित किती साधं आणि पक्कं आहे बघा. रोजचा पैसा देणारं एक लहान काम, आणि त्याच्या आडोशाला वाढणारं एक मोठं, हळू काम. नांगर कर्जाच्या हप्त्यावर उभा असता तर शेतकऱ्याचं मन वळायच्या आतच सावकार दारात आला असता. पुढे औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माळावर घालायचा पैसा घाईचा असून चालतच नाही.

आणि मग १९०७. टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता. जमशेटजी १९०४ मध्ये वारले होते. चिरंजीव दोराबजींनी लंडनमध्ये भांडवल मिळतं का पाहिलं, जमलं नाही. ऑगस्ट १९०७ मध्ये त्यांनी हिंदी लोकांनाच आवाहन केलं. स्वदेशीचे दिवस होते. मुंबईच्या कचेरीपुढे पहाटेपासून रात्रीपर्यंत गर्दी लोटली. तीन आठवड्यांत सुमारे ८,००० लोकांनी सारं भागभांडवल भरून टाकलं. २ कोटी ३२ लाखांच्या आसपास.

आता माझा प्रश्न असा. १८६४ ची गर्दी आणि १९०७ ची गर्दी, शहर एकच, रांगा सारख्याच, उत्साह सारखाच. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने फरक ओळखायचा कसा? गर्दीकडे पाहून तो ओळखू येत नाही. गर्दीच्या आधी काय झालं, ते पाहावं लागतं. १९०७ च्या आधी काही वर्षं माणसं जंगलं तुडवत होती. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १९०४ मध्ये मयूरभंजमधल्या लोहखनिजाची माहिती टाटांना कळवली होती. अमेरिकेहून आणलेल्या तज्ज्ञांनी खनिज, कोळसा, पाणी तपासलं होतं. दहा वर्षं दरसाल वीस हजार टन रूळ घेण्याचं सरकारने कबूल केलं होतं. म्हणजे आधी तपास, मग गिऱ्हाईक, मग शेअर. १८६४ मध्ये आधी शेअर होता. तपास नंतर, आयोगाने केला. (हशा)

आणि तरीही धोका टळला नाही, हेही ऐका. पहिलं पोलाद निघायला १९१२ उजाडलं. महायुद्धानंतर भाव कोसळले आणि १९२४ मध्ये कारखाना बंद पडायच्या बेताला आला. पगाराला पैसे नव्हते. दोराबजींनी पत्नीच्या दागिन्यांसह स्वतःची सुमारे एक कोटीची मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकली. त्याच वर्षी पोलादाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि कारखाना वाचला. तेव्हा थांबण्याने यशाची हमी मिळते, असं मी म्हणत नाही. थांबूनही बुडालेले पुष्कळ आहेत. त्यांची चरित्रं निघत नाहीत, म्हणून ते आपल्याला दिसत नाहीत. मी एवढंच म्हणतो, की जे थांबूच शकत नव्हते, त्यांना यशाची पाळी यायची सोयच नव्हती.

आजचं काय? १८७५ मध्ये दलालांनी रीतसर संघटना स्थापली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार. नियम आले, नियंत्रक आला. बँका आता पूर्वीसारखं वागू शकत नाहीत. पण मुदतीचे सौदे राहिले, आणि आता तर ते खिशातल्या फोनवर आहेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार केलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. माझे काही विद्यार्थी म्हणतात, ‘सर, ऑप्शन विकत घेतला तर तोटा मर्यादितच असतो की.’ बरोबर आहे. थेलीसचाही मर्यादितच होता. पण थेलीसने आगाऊ रक्कम एकदाच दिली आणि पीक येईपर्यंत तो गप्प बसला. दर आठवड्याला नवी रक्कम भरणाऱ्याचा तोटा दर आठवड्यापुरता मर्यादित असतो, आणि वर्षाला बावन्न आठवडे असतात. शिवाय आठवड्याभरात कोणत्याही कारखान्यात असं काही घडत नाही जे शहाण्या माणसाला आधी ओळखता येईल. मग तो सौदा असतो कशावर? इतर लोक काय करतील, यावर. म्हणजे आपण पुन्हा बॅक बेच्या किनाऱ्यावर.

म्हणून तुमच्यापैकी ज्यांच्याकडे थोडी बचत आहे, त्यांनी आधी तिची वय ठरवावीत. कोणती रक्कम पुढच्या वर्षी मुलीच्या फीला लागणार, कोणती दहा वर्षं लागणार नाही. पहिली रक्कम बाजारात नेऊच नये, बाजार कितीही चांगला असो. दुसरी नेताना एवढं बघावं, की ही कंपनी करते काय, कोणासाठी करते, आणि आपण पैसे घातले नाहीत तरी तिला गिऱ्हाईक आहे का. आणि ज्यांना धंदा काढायचा आहे, त्यांनी भांडवलाचा हिशोब रुपयांत करण्याआधी महिन्यांत करावा. एक पैशाची विक्री झाली नाही तरी आपण किती महिने दुकान उघडं ठेवू शकतो? तो आकडा सहा आला आणि धंद्याला गिऱ्हाईक जमवायला अठरा लागणार असतील, तर आधी आपलं सायकलचं दुकान शोधावं. नांगर थोडा थांबेल.

घरातल्या लोकांचा पैसा धंद्यात घालत असाल तर हा महिन्यांचा आकडा त्यांनाही सांगा. वडिलांचा प्रॉव्हिडंट फंड, आईच्या बांगड्या, बायकोचं गहाण पडलेलं मंगळसूत्र, यांना कसली मुदत नसते असं आपण गृहीत धरतो, कारण ती माणसं तगादा लावत नाहीत. तगादा लागत नाही म्हणून त्या पैशाला मुदत नाही, असं नव्हे. आजारपण येतं, म्हातारपण येतं. ती तारीख कोणी कागदावर लिहिलेली नसते, पण १ जुलैइतकीच ती पक्की असते.

तुम्ही शांतपणे ऐकलंत. आता प्रश्न विचारा, पण शेअरचं नाव विचारू नका. (हशा)